माझ्या हातची भवानी

...अन् सोडतच न्हाई हो! निजाम सरकारचा चपराशी चुकवता येतो एकवेळ, पर पाटोद्याच्या बाजारातला दुकानदार? छ्या! ह्यो बाही वढतो, त्यो धोतर वढतो. 'सुग्रीवराव, भवानी करा!' कावून? तर सकाळची पहिली विकरी माझ्या हातची झाली का दिसभर गिऱ्हाइकाची रीघ! माझ्या हाताला गुन हाय म्हनं!

तुमाला सांगतो, भावकीत लगीन निघालं. कारभारीण म्हनली, 'मला लुगडं आना, गावात दुसऱ्या कुनाकडं नसंल असं! तुमच्या भावजयीकडं, त्या भिवराबाईकडं, तर न्हाईच न्हाई! चुकलात तर मी चालले माहेरी!'

गेलतो की बाजाराला! वेशीतच बुरडानं धरलं. आता भवानीच्या टायमाला रिकाम्या हातानं फिरावं का मानसानं? घेतली दोन सुपं. पुढं तांबट. त्येच्या म्होरं खोगीरवाला... अवो, घोडा न्हाई माझ्याकडं, अन् खोगीर घेतलं! लुगड्याचे पैसे खलास! कारभारीण खोगिराकडं बघती, माझ्याकडं बघती... 'घाला आता तुमच्याच पाठीवर!'

माझ्या हाताला गुन हाय म्हनं!

मग तूर विकली, पुढच्या बाजारी कांबळं डोक्यावरून घेतलं, अन् तांबडं फुटायला थेट बद्रीनाथशेटचं कापडाचं दुकान गाठलं. शेट मिलच्या लुगड्यांच्या नव्या गठ्ठ्यावर चिकटवलेल्या कागदाच्या लक्ष्मीला उदबत्ती ओवाळत हुते. मला बघितलं, अन् उदबत्ती माझ्याच तोंडाभवती फिरली! 'या सुग्रीवराव! ह्ये घ्या, हिरवंगार, मोरपंखी काठ! तालुक्यात पहिलं तुमीच! किंमत? तुमी म्हनाल ती!'

कारभारीण काय खूस झाली म्हनता! जन्मात पहिल्यांदा म्हनली, 'तुमच्या हाताला गुन हाय हो!'

मग आलं लगीन. मांडवात शिरलो, अन् तुमाला सांगतो, बघतो तर काय! भिवराबाई हिरवीगार! पाटलीनबाई हिरवीगार! नवरीची आय, वाढनाऱ्या बाया, करवल्या... समद्यांचे काठ मोरपंखी! त्यातली माझी कारभारीण कोनती, मला वळकंना!

तेवढ्यात बद्रीनाथशेटनी मला मिठीच मारली, भर मांडवात! 'काय हात, सुग्रीवराव, काय हात! तुमी भवानी केली अन् दिस बुडायच्या आत अख्खा गठ्ठा खपला! मिलमधनं हुबेहूब तसलाच दुसरा मागवलाय!'

ह्ये कारभारनीनं ऐकलं. अक्षता पडल्या न पडल्या, तशीच माहेरी गेली, हिरव्या लुगड्यात.

आता चार दिस झाले, चुलीपुढं मीच बसतोय. पीठ मळतोय, थापतोय, तव्यावर टाकतोय... हाताला गुन हाय म्हनं माझ्या... एक भाकर गोल झाली असंल तर शप्पत!