दसऱ्याचा प्लग

आण्णा: पेट्रोल हाय. कॉक चालू हाय. आडवी करून उभी केली, चोक वढला, किका मारून मारून पाय भरून आला. तरी ढिम्म. काल सांजच्याला चांगली हुती की.

स्नेहल: म्हातारी झाली आण्णा स्कूटर. आज ऱ्हाऊ दे कट्टा. दूध मी घरात तापवून देते.

आण्णा: तापवलेलं दूध घरात रोजच असतंय. गंगावेशीत म्हशीची धार थेट ग्लासात पडती, ती प्यायला जातोय मी. सयाजी तिथं कट्ट्यावर वाट बघत बसला असंल. तुझी सासू गेल्यापास्नं त्यो कट्टा हाय म्हणून दिवस उजाडतोय माझा. पाना दे. प्लग बघू.

स्नेहल: हात काळे होतील उगाच.

आण्णा: होऊ देत. ते बाजूचं झाकण काढ. हां. कॅप उपसली... प्लग सुटला बघ. आता ह्यो कॅपात घालून इंजिनाला टेकव, मी किक मारतो. ठिणगी पडली?

स्नेहल: पडती, पण मधनंच.

आण्णा: म्हंजे प्लगच. पण असं कसं? दसऱ्याला नवा बसवलाय. गाडीची पूजा केली तवा ह्यालाबी कुंकवाचं बोट लावलं हुतं, पांढऱ्या भागावर. दिसतंय काय बघ.

स्नेहल: दिसतंय की. पुसट झालंय जरा.

आण्णा: बरं. आण हिकडं.

(आण्णा प्लगवरून सावकाश नख फिरवतात.)

आण्णा: स्नेहल, ह्याला चीर हाय. नखाला लागती. ह्या चिरीपायीच ह्यो काढून मी डब्यात टाकला हुता. ह्याला कुंकू कोण लावंल? माझा प्लग काढून ह्यो बाद झालेला बसवलास. आनि वर तोंडावर खोटं बोलतीस.

स्नेहल: बोलले. पण तुम्हाला दिसत असतं, तर कुंकू हाय का न्हाई ते मला विचारलं असतं काय?

आण्णा: उजेड कमी हाय.

स्नेहल: आण्णा, ऊन पडलंय अंगणात. परवा गंगावेशीच्या कोपऱ्यावर मी तुम्हाला हात केला, हाक मारली. तुम्ही माझ्या चपलेवरनं चाक घालून गेला. पाय मागं घेतला म्हणून वाचला. मी कुणाला बोलले न्हाई. तुमच्या लेकालासुद्धा.

आण्णा: ती तू हुतीस? मला वाटलं, खड्डा हाय.

स्नेहल: दिवाळीपासनं म्हणतेय, डोळे दाखवून येऊ.

आण्णा: डॉक्टर गाडी सोडा म्हनंल, म्हणून टाळत हुतो. खरं सांगतो, भ्या वाटतंय मला. गाडी गेली की कट्टा गेला. मग खाटंवर बसून भिताड बघायचं.

स्नेहल: मलाबी भ्याच वाटलं आण्णा. म्हणून केलं.

आण्णा: चांगला प्लग कुठं ठेवलास?

स्नेहल: देवघरात. कुंकू होतं त्याला, दुसरीकडं टाकायला हात होईना.

आण्णा: आण जा.

स्नेहल: गाडी देणार न्हाई मी तुम्हाला.

आण्णा: आण तर खरं.

स्नेहल: (देवघरातून प्लग आणून) हा घ्या.

आण्णा: मला नगं. तूच बसव. आदी नुसत्या बोटानं फिरीव, आटं नीट बसू देत. आता पाना. जोर करू नगंस, घट्ट लागला की थांबायचं. हां. कॅप दाब. मार किक.

स्नेहल: झाली चालू!

आण्णा: व्हणारच. कागलात बापाच्या गाडीवर गिअर शिकलीस म्हणत हुतीस न्हवं? बस म्होरं. सयाजीला सांगतो, आजपास्नं डायवर ठेवलाय म्हणून.

स्नेहल: रोज नेते. पण एक ग्लास मलाबी पायजे. आणि येताना डोळ्याच्या दवाखान्यात थांबायचं.

आण्णा: थांबू. मागं धरायला काय हाय गं हितं? मी कधी बसलोच न्हाई मागं.

स्नेहल: स्टेपनीला धरा. बसला नीट? निघू?

आण्णा: थांब. त्यो आरसा फिरीव आदी. माझ्या उंचीला लावलाय.