उतरा सगळे

तुम्ही हसाल, पण आमच्या बाळूच्या गाडीत बसलं की थोडं पायीही चालावं लागायचं. बाळू माझा धाकटा भाऊ. चांगल्या सेडानला त्याने मोठी अलॉय चाकं बसवली, स्प्रिंगा बदलून गाडी खाली घेतली. मग स्पीडब्रेकर आला की हुकूम सुटायचा, "उतरा सगळे, खालून घासायली!" आम्ही उतरायचो आणि रिकामी गाडी तिरकी होऊन पलीकडे जायची.

मामा चिडायचे, "लेका, गाडी तुझी अन् पायपीट आमची व्हय?"

"मामा, तब्येतीला लई चांगलं हाय."

गेल्या हिवाळ्यात बाळू अचानक गेला. अस्थी नांदेडला, गोदावरीत सोडायला त्याच्याच गाडीतून निघालो. कलश पुढच्या सीटवर होता, मागे मामा आणि दोघं मेहुणे, गाडी मी चालवत होतो. रेणापूर सोडताच स्पीडब्रेकर आला. आज तरी त्याची गाडी घासू नये, एवढंच मनात होतं; पण उतरा म्हणायला तोंड उघडेना. मी नुसताच थांबलो.

मागचं दार उघडलं. मामा उतरले, पाठोपाठ दोघं मेहुणे. मी गाडी तिरकी घेतली. जराही घासली नाही.

परत बसताना मामा कलशाकडे बघून म्हणाले, "चल बाळू. आज न सांगता उतरलो बघ."