लाल ठिपक्याचे व्हॉल्व्ह

तुम्ही आवाजाचा विषय काढलात म्हणून सांगतो, माझ्या ॲम्प्लिफायरला आता हात लावायचीही इच्छा होत नाही. त्याच्यात बसवायला चार वर्षं मी जुन्या रेडिओंमधले बल्बसारखे काचेचे व्हॉल्व्ह गोळा केले. एकच गाणं लावायचं, एक व्हॉल्व्ह काढायचा, दुसरा बसवायचा, पुन्हा ऐकायचं. कुठला कोरडा वाजतो, कुठला गोड, ते शाईनं काचेवरच लिहून ठेवायचो. दोन असे निघाले की बाकीचे त्यांच्यापुढं फिके. त्यांना ऑइलपेंटचा लाल ठिपका दिला आणि दिवाळीसाठी जपून ठेवले.

खंडेनवमीला गिरणीतनं घरी आलो. आमच्या भवानी पेठेत त्या दिवशी हत्यारं, कापड विणायचे मागसुद्धा पुसून पूजतात. बघतो तर देवापुढं पाटावर माझे सगळे व्हॉल्व्ह, हळदकुंकू लावलेले, काच लखलखीत.

"अक्षरं कुटं गेली गं?"

"राखेनं घासले की," बायको म्हणाली. "तुमची हत्यारं हायती. पूजेला अशी मळकी ठेवायची व्हय?"

कंपनीचे छापील नंबरही गेले होते. कुठला कुठं बसवायचा तेही आता कळायला मार्ग नव्हता. म्हटलं, ऑइलपेंट काही राखेनं निघत नाही, ते दोन तरी वाचले असतील. पाट दोनदा बघितला.

"यातले दोन कुटं हायत?"

"त्यांचा लाल डाग काय केल्या निघंना," ती म्हणाली. "डागाचं देवापुढं कसं ठेवायचं? दिले टाकून."