खंडेनवमीला आलेली परिषद

आमचं मूळ गाव कणकवलीच्या बाजूला, पण मी तिथं वाढले नाही, मी वाढले चारकोपला. बाबा गिरणीत होते, गिरणी बंद पडली नि आम्ही परळची खोली सोडून इकडे सेक्टरमधल्या घरात आलो, तेव्हा इथं चिखल नि बेडूक, बाकी काही नाही. बाबा गिरणीत मशिनी दुरुस्त करायचे, घरी आले की अंगाला ग्रीसचा वास यायचा, भावाला तो आवडायचा नाही, मला आवडायचा, आता काय सांगू तुम्हाला, कुणाला कसला वास आवडावा याला काय नियम आहे? दहावी झाल्यावर मी म्हटलं, मी आयटीआयला जाणार, टर्नर करणार. टर्नर म्हणजे लेथवर काम करणारा, लोखंड फिरत राहतं नि आपण त्याला हवा तो आकार द्यायचा. आई मालवणीत बोलते, तिनं कपाळावर हात मारला. म्हणाली, गो चेडवा, तां लोखंड तुका जेवूक घालतलां काय? बाबांनी दुसऱ्या दिवशी मला जाड चामड्याचे बूट आणून दिले, बस.

वर्गात मी एकटी मुलगी. पोरं हसायची, ही लांब वेणी घेऊन लेथवर जाणार, वाट लागणार हिची. मी वेणी कापली. त्यावरून घरात जे रामायण झालं ते तुम्ही लिहू नका, आई अजून ऐकते सगळं. तर आम्हाला शिकवायला सावंत मास्तर होते, ते फार कडक, जॉब, म्हणजे लेथवरचा तुकडा, बिघडला की बोलायचे नाहीत, नुसते बघायचे. पण खंडेनवमीला त्यांचा चेहरा वेगळा. दसऱ्याला सुट्टी असते ना, म्हणून आमच्याकडे मशिनींची पूजा आदल्या दिवशी, खंडेनवमीला. मशिनी धुवायच्या, पुसायच्या, हळदकुंकू, झेंडूची माळ, नि एकदा पूजा झाली की त्या दिवशी मशीन चालवायचं नाही. वर्षभर राबते ती, एक दिवस तिचा. आणि मास्तरांनी एक गोष्ट लावून दिली होती, ज्या लेथवर शिकलात तिला वर्षातून एकदा भेटायला यायचं, कुठंही कामाला असा. पोरं खरंच येतात हो. आपापल्या कारखान्यातली पूजा उरकायची नि दुपारी नारळ घेऊन इकडे यायचं.

मी आधी कांदिवलीला एका वर्कशॉपमध्ये होते, मग परीक्षा दिली नि याच संस्थेत निदेशक, म्हणजे शिकवायला लागले, मास्तर निवृत्त झाले नि त्यांचीच जागा मला मिळाली. संस्थेचं नाव मात्र लिहू नका हं, नाहीतर आमचे प्राचार्य मला धरतील. लग्न झालं होतं, मोडलं, तो विषय नको. बाबा गेले. आईला अर्धांगवायू झाला, डावी बाजू गेली, तेव्हापासून मी नि ती. सकाळी तिचं सगळं करून निघायचं, जेवणाच्या सुट्टीत धावत घरी, तिला भरवायचं, परत वर्कशॉप. घर जवळ म्हणून जमतं. भाऊ बंगळूरला, तो फोन करतो.

आणि अशात ती बातमी आली. राज्याची एक सल्लागार परिषद असते व्यवसाय शिक्षणाची, कुठले ट्रेड, म्हणजे अभ्यासक्रम, चालू ठेवायचे, कुठले बंद करायचे, हे ती सरकारला सांगते. आमचा टर्नर बंद करायचा त्यांचा विचार चालला होता. कारण काय, तर मशिनी जुन्या नि पास झालेली मुलं कामाला लागतात का त्याचा पत्ता नाही. पत्ता नाही म्हणजे, आम्ही फोन करतो, पण पोरांचे नंबर बदलतात, नाहीतर त्यांना वाटतं बँकवाले आहेत, उचलतच नाहीत. ट्रेड बंद म्हणजे माझी बदली, नि बदली कुठं, तर म्हणाले विदर्भात जागा आहे. मी आईकडे बघितलं. तिला घेऊन कुठं जाणार होते मी? ठेवणार तरी कुणाकडे होते? मला रात्रभर झोप नाही, चिडचिड सगळी, रिक्षावाल्याशीसुद्धा भांडले.

परिषद स्वतः बघायला येणार असं ठरलं. प्राचार्य नवीन होते, सज्जन माणूस, पण तारीख त्यांनी फोनवरच हो म्हणून टाकली, कॅलेंडर बघितलंच नाही. मी म्हटलं, सर, त्या दिवशी खंडेनवमी आहे. ते म्हणाले, मग काय, पूजा दसऱ्याला असते ना? आता डोकं फोडू की काय करू! तारीख बदलता येईना, मोठी माणसं सगळी.

त्या दिवशी सकाळी आम्ही पूजा केली, माळा घातल्या, नि प्राचार्य धावत आले, मॅडम, माळा काढा, मशिनी सुरू करा, मुलं काम करताना दिसली पाहिजेत. खोटं नाही सांगत, माझा हात माळेकडे गेला होता. आई दिसत होती डोळ्यांसमोर. पण सगळी मुलं माझ्याकडे बघत उभी, नि मला मास्तरांची ती नजर आठवली. हात खाली आला. म्हटलं, सर, नाही जमणार, आजचा दिवस मशीनचा आहे. बंद पडायचं असेल तर माळ घालून बंद पडू दे.

तेवढ्यात ते आलेच. परिषदेचे अध्यक्ष उंच, पांढरा शर्ट, स्वतः कारखानदार, बरोबर चार-पाच जण. मशिनी का बंद? मी सांगितलं. त्यांनी हात जोडले मशिनींना, ते बरं वाटलं, पण मग म्हणाले, तुमची मुलं लागतात कुठं? मी म्हटलं, लागतात, पण कागदावर दाखवायला काही नाही. ते म्हणाले, ठीक आहे, फोटो घ्या, निघू या, पुढं मुलुंडला जायचंय. झालं, संपलं, असं वाटलं मला. आणि एकदम डोक्यात आलं, पोरं दुपारी येतील ना! दुपारपर्यंत यांना धरून ठेवायचं कसं?

मी दारातच उभी राहिले. म्हटलं, साहेब, खंडेनवमीचा प्रसाद घेतल्याशिवाय कुणी जात नाही. ते म्हणाले, द्या मग पटकन. आता प्रसाद कुठं होता, रवा अजून पिशवीत होता! माझ्या वर्गात आता मुली आहेत, त्यांना मागं पाठवलं, म्हटलं, शिरा करा, नि घाई करू नका, रवा नीट भाजा. प्राचार्य माझ्याकडे असे बघताहेत की खाऊ की गिळू. मी चहा दिला. मग पाणी दिलं. मग परत चहा. साहेब घड्याळ बघताहेत, मी देवाला म्हणतेय, पाठव रे कुणालातरी.

आणि स्कूटर वाजली. शकील, आमचाच जुना विद्यार्थी. तो नारळ नाही आणत, पेढे आणतो. दाराबाहेर चपला काढल्या, आत कोण बसलंय बघितलंसुद्धा नाही, सरळ कोपऱ्यातल्या लेथकडे गेला, तिच्यावर हात ठेवला, छातीला लावला. अध्यक्षांनी विचारलं, तुम्ही इथं नोकरीला? तो म्हणाला, नाही सर, शिकलो इथं, ह्याच मशीनवर, आता चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझं स्वतःचं वर्कशॉप आहे. साहेब म्हणाले, माणसं कुठून घेतलीत? इथलीच पोरं सर, येतायत मागून, ट्रॅफिकमध्ये अडकली. तीही आली. मग रेश्मा आली, कुर्ल्याला रेल्वेच्या कारशेडमध्ये असते, अर्धी सुट्टी टाकून आली, नारळ घेऊन. मग येतच राहिली हो, कोण मुलाला कडेवर घेऊन, कोण बायकोला दाखवायला, ही बघ माझी मशीन.

मग अध्यक्षांनी घड्याळ बघायचं सोडलं, खुर्ची ओढून बसले नि एकेकाशी बोलत राहिले. शिरा दोनदा घेतला. जाताना मला म्हणाले, हे आधी का नाही कळवलंत? मी म्हटलं, साहेब, फोनला उत्तर देत नाहीत ही, पण येतात.

तरी निकाल येईपर्यंत जीव टांगणीला होता, शिऱ्यानं सरकार थोडंच चालतं? मग दिवाळीनंतर कळलं, टर्नर राहणार, एक कॉम्प्युटरवाली नवी मशीनसुद्धा देणार. प्राचार्यांनी मला पेढा भरवला, मी वर्कशॉपमध्ये जाऊन दार लावून घेतलं नि रडले. खूप दिवसांनी हलकं वाटलं. त्या दिवशी रिक्षावाल्याला सुटे पैसेपण परत मागितले नाहीत.

आता सगळं झकास आहे असं नाही म्हणणार मी, आईचं आहेच, पाठ माझीही दुखते. पण घरी आहे मी, तिच्याजवळ. त्या दिवशी घरी येऊन तिला भरवताना सांगितलं, आई, बदली नाही झाली, मी कुठं जात नाही. तिनं आधी घास गिळला. तिचं बोलणं आता अडखळतं, एकेक शब्द वेळ घेऊन येतो. उजव्या हातानं माझा हात धरला नि म्हणाली, येत्या नवमीक, त्या मशिनीक, माज्या नावान एक नारळ ठेव.