जनुकाने मोडलेला उपास

...आणि उपासाला बंदी! माझ्या घरात! तुम्हाला सांगते, जन्म गेला माझा उपासतापासात, आणि नात अशी मिळाली, चार वर्षांची ठमी, की तिचं एक वेळचं खाणं चुकवायचं नाही! का? तर पोट रिकामं झालं की तुमचं-आमचं शरीर साठवलेली चरबी जाळतं, त्याला एक विकर लागतं, डॉक्टर त्याला एन्झाइम म्हणतात, आणि ते घडवणारं जनुकच हिचं बिघडलेलं. म्हणजे कोठीघर भरलेलं, पण कुलूप उघडेना! बिघडलेलं एक आईकडून, एक बापाकडून. डॉक्टर म्हणाले, "दोघंही वाहक आहेत," तर आमच्या ह्यांनी काय विचारावं? "मग चालक कोण?" कुणी हसलं नाही हो... सून तर नाहीच. खा गं बाई, खा!

मागे एकदा ठमीला ताप आला आणि तिने तोंड मिटलं. ग्लुकोजचं पाणी? नको. बिस्कीट? नको. मान टाकायला लागली पोर! डॉक्टर फोनवर सांगतायत, "थांबू नका, तडक घेऊन या, वाटेत घोट-घोट पाजत राहा!" मुलगा गाडी काढतोय, हे चपला शोधतायत, त्याही पायातल्या! आणि मी मनात... देवा, हिच्या पोटात घोट जाईपर्यंत मी पाण्याला शिवणार नाही! गाडीत सून पेला धरून विनवतेय, खा गं बाई, पी गं बाई...

तर ठमीने डोळे किलकिले केले आणि पुटपुटली, "आधी आजी."

आता आली का पंचाईत? मी वर बघते, सून माझ्याकडे बघते. "अहो आई, प्या ना!" म्हटलं, देवा, तू समजून घे, आणि घेतला घोट. मग तिने घेतला. मग मी, मग ती... दवाखाना येईपर्यंत पेला रिकामा! सलाईन लागलं, पोरीने डोळे नीट उघडले, आणि मुलगा बाकावर बसून लहान मुलासारखा रडला.

बरी झाली हो! पण तेव्हापासून आजीने खाल्ल्याशिवाय बाईसाहेब तोंड उघडत नाहीत. तिचं खाणं घड्याळाबरहुकूम, म्हणून माझंही! वर मलाच दटावते, "खा गं आजी, खा!" आणि परवा तिच्या तपासणीला गेलो, तर डॉक्टर तिला सोडून मलाच न्याहाळतात, "आजी, वजन फार वाढलंय. अधूनमधून एखादा उपास करत जा!"