लिंबाखालची भेट

अरं, बाजार गावाबाहेर नेला ते बरंच झालं म्हणत होतो ना आपण? परवा मी तिथं भाजी घेत होतो, तर एक बाई विचारती, "दादा, इथं लिंबाचं झाड कुठं हाय?"

म्हटलं, "लिंब जुन्या बाजारात राहिला."

"मग आई तिथंच बसली आसंल. बाजारादिवशी आमी मायलेकी लिंबाखालीच भेटतो."

तिला गाडीवर बसवून नेली, तर लिंबाखाली कोणीच न्हाई. चहावाला म्हणाला, "मेढ्याकडची म्हातारी व्हय? बाजार हलवलाय म्हणून आत्ताच रिक्षात बसवून तिकडं धाडली."

तसंच मागं फिरलो, पण म्हातारी काय घावली न्हाई. मेढ्याकडची एसटीपण सुटली होती.

आईसाठी आणलेला डबा तसाच धरून लेक म्हणाली, "बाजार हलवला ते हलवला, माझ्या आईला कशाला हलवलं?"