तळाचा परिच्छेद

मंडळी, या, बसा. पुढे जागा आहे. खांबाला टेकून बसायला हरकत नाही, फक्त घोरायचं नाही — माझा सूर बिघडतो!

आज एकच प्रश्न आणलाय. एका माणसानं काही सांगितलं. त्यात एकही शब्द खोटा नाही. सगळं खरं! पण त्यातलं महत्त्वाचं खरं त्यानं अशा जागी ठेवलं, की ते कुणाच्या हाती लागूच नये. आता सांगा — तो खरं बोलला की नाही बोलला?

"बोलला!" कोण म्हणालं? आजोबा, इतक्या पटकन? कोर्टात कामाला होता वाटतं! थांबा, आधी गोष्ट ऐका.

एक मुलगी होती. नाव केतकी भोपळे. हसू नका! आडनाव भोपळे असलं तरी मार्कांत भोपळा कधी नव्हता. विद्यापीठात शिकायची. सकाळी तत्त्वज्ञानाचं एम.ए. आणि संध्याकाळी पत्रकारितेचा डिप्लोमा. दोन्ही एकाच आवारात, समोरासमोरच्या इमारती. वडील वैतागायचे. म्हणायचे, "अगं, काहीतरी एक धर! एकात विचार करायचा, आणि दुसऱ्यात विचार करायला वेळच नाही!"

सकाळचे गुरू सोनटक्के सर. जुन्या वळणाचे. आपल्या शास्त्रांची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे — आपलं मत लगेच सांगायचं नाही. आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. आणि मांडायचं कसं? लंगडं करून नाही! असं मांडायचं, की समोरच्यानं म्हणावं, अहो, मलाही इतकं छान जमलं नसतं. आणि मग त्याला उत्तर द्यायचं. सोनटक्के सर पूर्वपक्ष इतका रंगवायचे, की तास संपायचा. उत्तर दुसऱ्या दिवशी! एखाद्या पोरानं त्या दुसऱ्या दिवशी दांडी मारली, की ते वर्षभर उलटंच समजून बसायचं.

संध्याकाळचे गुरू खटावकर. गावातल्या दैनिकाचे संपादक, विद्यापीठात शिकवायलाही यायचे. त्यांचं शास्त्र वेगळं. "महत्त्वाचं ते पहिल्या वाक्यात! वाचकाला चहा गार व्हायच्या आत कळलं पाहिजे. आणि जागा कमी पडली तर आम्ही बातमी खालून कापतो. वाचत बसत नाही. तळाचा परिच्छेद गेला!"

आता गंमत बघा! एक गुरू सांगतो, खरं ते शेवटी. दुसरा सांगतो, शेवटचं ते कापा. आणि शिष्या एकच! सकाळी जे डोक्यात भरायचं, संध्याकाळी त्याच्यावर कात्री.

तर त्या वर्षी सोनटक्के सर निवृत्त होणार होते. गावात मोठी व्याख्यानमाला चालते. सरांना तिथे कधी बोलावलं नव्हतं. या वेळी बोलावलं! रविवार आणि सोमवार, दुपारी चारला. विषय काय? आत्मा आहे का? सरांनी नवीन सदरा शिवून घेतला, म्हणजे बघा. माणूस विरक्त असला तरी शिंप्याकडे जातोच.

बातमीला कोण? खटावकरांनी केतकीला पाठवलं. "तुझेच सर आहेत, तुला कळतील."

रविवारी सर उभे राहिले आणि पूर्वपक्ष सुरू केला. म्हणाले, "पान हिरवं. चुना पांढरा. कात तपकिरी. सुपारी बदामी. यातलं एक तरी लाल आहे का? नाही. पण एकत्र चावा — लाल! हा लाल कुठून आला? आभाळातून? नाही. चार जिन्नस एकत्र आले, लाल झाला. तसाच देह. माती, पाणी, ऊब, वारा एकत्र आले, की जाणीव आली. विडा संपला, लाल संपला. आत्मा-बित्मा काही नाही!"

सभागृह गार! पहिल्या रांगेतले एक गृहस्थ विडा चघळत होते, ते थांबलेच. गिळावा की थुंकावा, कळेना!

शेवटी सर म्हणाले, "ही झाली समोरच्याची बाजू. माझं उत्तर उद्या." पण तोवर लोक चहाच्या टेबलाकडे निघाले होते.

केतकीनं कचेरीत जाऊन बातमी लिहिली. पहिलं वाक्य — 'देहापलीकडे आत्मा म्हणून काही नाही, अशी मांडणी प्रा. सोनटक्के यांनी केली.' खरं की नाही? खरं! तळाच्या परिच्छेदात — 'ही मांडणी पूर्वपक्षाची असून तिला प्रा. सोनटक्के उद्या उत्तर देणार आहेत.' हेही खरं! अगदी खरं! इतक्यात साड्यांच्या सेलची जाहिरात आली. जागा कमी पडली. खटावकरांनी तळाचा परिच्छेद उडवला, वर मथळा दिला — 'आत्मा नाही!' पान पहिलं. खाली नाव, केतकी भोपळे. मुलीचं नाव पहिल्यांदाच छापून आलेलं. वडिलांनी अंक विकत घेऊन अख्ख्या आळीत वाटले.

आणि सरांच्या घरचा फोन वाजायला लागला.

व्याख्यानमालेचे अध्यक्ष अण्णासाहेब मुळे. ते म्हणाले, "सोनटक्के सर, लोक मला विचारतायत, नास्तिक कुठून आणलात? आज असं करा, पहिल्याच वाक्यात 'आत्मा आहे' म्हणून टाका. पुढे काय बोलायचं ते बोला."

सर म्हणाले, "अण्णासाहेब, काल मी शंका घातली. तिला उत्तर न देता नुसतं 'आहे' म्हटलं, तर ते उत्तर होत नाही हो. ती घोषणा होते."

"मग आजचं व्याख्यान रद्द."

"खुलासा छापून आला तर?"

"पेपरवाले काय, 'जागेअभावी मजकूर राहिला' म्हणतील! तुम्हीच जाऊन हातापाया पडलात, असं लोक म्हणतील. माझी तरी खात्री कशी पटायची?"

फोन बंद. आयुष्यात एकदा मिळालेलं व्यासपीठ गेलं, आणि वर नास्तिक हा शिक्का!

केतकी धावत सरांच्या घरी. रडवेली. "सर, माझी चूक नाही हो! मी लिहिलं होतं. त्यांनी कापलं!"

सर शांत. म्हणाले, "बस. पाणी पी. मग खटावकरांचा पूर्वपक्ष मांड."

"सर, आत्ता?"

"आत्ताच. ते काय म्हणतील? लंगडं करून नको, नीट मांड."

ती मांडायला लागली. "ते म्हणतील, आम्ही खालून कापतो, हे वर्गात शिकवलं होतं."

"शिकवलं होतं?"

"हो सर."

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग ते वाक्य तळाला का ठेवलंस?"

मंडळी, इथे पोरीनं पाण्याचा पेला खाली ठेवला. सर वाट बघत बसले — त्यांना वर्षानुवर्षांची सवय! शेवटी ती म्हणाली, "आधी वरच लिहिलं होतं सर. मग खाली नेलं. वर राहिलं असतं, तर बातमी पहिल्या पानावर गेली नसती."

सर रागावले नाहीत. रागावले असते, तर तिला बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाले, "हं. आता मांडणी पूर्ण झाली."

ती तिथून उठली आणि खटावकरांकडे गेली. खुलासा लिहून पुढे ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला. त्यात लिहिलं होतं — 'तळाचा परिच्छेद कापला जातो हे ठाऊक असूनही वार्ताहराने प्रा. सोनटक्के यांचे उत्तर दुसऱ्या दिवशी आहे, ही माहिती मुद्दाम तळाला ठेवली.' खाली नाव, केतकी भोपळे.

खटावकर म्हणाले, "वेडी आहेस का? 'जागेअभावी' लिही! खोटं थोडंच आहे? जाहिरात आलीच होती की!"

बघा मंडळी, मोह कसा येतो! खोटं बोल असं म्हणत तो येतच नाही. अर्धं खरं हातात घेऊन येतो आणि म्हणतो, हेही खरंच आहे की!

केतकी म्हणाली, "खोटं नाही सर. पण कालचंही खोटं नव्हतं."

"हे छापलं, तर तुला पुन्हा बातमीला पाठवणार नाही मी. आणि दुसरं कोण पाठवेल?"

"छापा."

खटावकरांनी छापलं. माणूस वाईट नव्हता. पान सातवर, कोपऱ्यात, पण छापलं. आणि शब्दाला जागले — पुन्हा तिला बातमीला पाठवलं नाही.

अण्णासाहेबांनी तो कोपरा दोनदा वाचला. पुढच्या रविवारी सभागृह उघडलं. तुम्हाला वाटेल, तुडुंब गर्दी! छे हो. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. आत्मा नाही म्हटलं की गर्दी, आणि आहे म्हटलं की खुर्च्या! आणि दैनिकाकडून कुणीच नाही. खटावकर म्हणाले होते, "आत्मा आहे, ही काय बातमी झाली?"

पण सरांनी उत्तर दिलं. म्हणाले, "चार जिन्नस एकत्र आले आणि लाल झालं, कबूल. पण लाल झालं, हे पानाला कळलं का? चुन्याला कळलं? बघणारा वेगळा होता ना? तो बघणारा कोण, एवढंच मला विचारायचं आहे."

केतकी मागच्या रांगेत बसली होती. हातात वही नाही, पेन नाही. परिच्छेद वरून खाली नेताना त्या कचेरीत कुणीही बघत नव्हतं. आणि तरी कुणीतरी बघितलं होतं! सरांनी अजून उत्तर दिलं नव्हतं तेव्हा, आदल्या रविवारीच, तिला ते आतून कळलं होतं. ती तिथे बसून रडली, आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

गावात अजून काही लोक सरांना नास्तिक म्हणतात. त्यांनी पान सात वाचलं नाही. असो.

आता आपल्याकडे वळू. तुम्ही म्हणाल, बुवा, आम्ही कुठे बातम्या लिहितो? नाही? मुलीकडचे स्थळ बघायला येतात. मुलाचा पगार कधी सांगता? पहिल्या वाक्यात! फ्लॅट? दुसऱ्या! आणि मुलगा पितो, हे कधी? पाहुणे उठले, दारात आले, एक पाय चपलेत घातला, रिक्षावाला हॉर्न मारतोय — तेव्हा! "हां, आणि आमचा पिंट्या कधीमधी थोडी घेतो बरं का, हॅ हॅ हॅ!" पुढे काही झालं की छाती ठोकून म्हणता, आम्ही लपवलं नव्हतं, सांगितलं होतं!

सांगितलं होतंत. आणि ऐकू जाऊ नये असंच सांगितलं होतंत. हे पाहुण्यांना कळलं नसेल. तुम्हाला कळलं होतं.

चला, हात जोडा. देवाचं नाव घ्या, मोठ्यानं घ्या. आणि कुणाला काही असं दारात, चपला घालताना सांगितलं असेल, तर त्याला उद्या घरी बोलवा, पाट मांडून बसवा, आणि ते आधी सांगा.